म्युच्युअल फंडांच्या प्रचाराचे नियम पैसे देणाऱ्याच्या कानापर्यंत कसे पोहोचतील?

अधोरेखित (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये सेबीच्या, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या नियामकाच्या, संचालक मंडळाने १९९६ च्या म्युच्युअल फंड विनियमांच्या जागी नवे विनियम आणण्यास मंजुरी दिली. त्यावर वर्तमानपत्रांतून जे लिहून आले, ते बहुतेक फंडाच्या खर्चाच्या प्रमाणाविषयी, म्हणजे आपल्या पैशांतून फंड दरवर्षी किती टक्के खर्च कापतो याविषयी, होते. ते योग्यही आहे, कारण अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा वीस वर्षांत मोठी रक्कम खाऊन टाकतो. मला मात्र येथे प्रचाराच्या नियमांविषयी बोलायचे आहे. लोकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या योजनांची जाहिरात कशी करावी, याचे नियम आपल्याकडे गेल्या तीस वर्षांत अनेकदा दुरुस्त झाले; पण माणूस ज्या क्षणी पैसे द्यायचे ठरवतो, त्या क्षणाला त्यांतील फार थोडे स्पर्श करते, असे माझे मत झाले आहे.

हे मत कुठून आले ते आधी सांगतो. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९९६ साली त्यांनी सागवान लागवडीच्या एका योजनेत ५,००० रुपये घातले. त्या काळी अशा योजनांच्या पानभर जाहिराती वर्तमानपत्रांत येत असत आणि वडिलांनी त्या पाहिल्याही होत्या, परंतु त्यांनी पैसे जाहिरात पाहून दिले नाहीत. मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, सोबतच्या एका गुरुजींनी सांगितले की मुलीच्या लग्नापर्यंत झाडे तोडणीला येतील, म्हणून त्यांनी ते दिले. त्या गुरुजींना त्यातून दलाली मिळत होती हे आम्हाला पुढे कळले, आणि त्यांनी स्वतःचेही पैसे त्यातच घातले होते हेही कळले. त्यांनी फसवले असे वडील कधी म्हणाले नाहीत. कंपनी बंद पडली. प्रमाणपत्र अजून आमच्या लोखंडी कपाटात आहे. त्यावर झाडाचे सुरेख चित्र आहे आणि जोखमीविषयी एक अक्षर नाही.

आजची परिस्थिती अर्थातच वेगळी आहे. १९९६ च्या विनियमांच्या सहाव्या अनुसूचीतील जाहिरात संहिता २०१२ साली नव्याने लिहिली गेली. जाहिरात खरी, स्पष्ट आणि पूर्ण असावी, गुंतवणूकदाराच्या अननुभवाचा फायदा घेणारी नसावी, क्लिष्ट भाषा टाळावी, अतिशयोक्त घोषवाक्ये नसावीत, असे तीत म्हटले होते. प्रसिद्ध व्यक्तींना जाहिरातीत घेण्यास तीत बंदी होती. २०१७ मध्ये ती शिथिल झाली, पण केवळ संपूर्ण उद्योगाच्या जागृतीपुरती आणि सेबीच्या पूर्वपरवानगीने. म्हणून सचिन तेंडुलकर आणि धोनी आपल्याला ‘म्युच्युअल फंड सही है’ असे सांगताना दिसतात, अमुक कंपनीची अमुक योजना घ्या असे सांगताना दिसत नाहीत. म्युच्युअल फंडातील गुंतवणुकीला बाजारातील जोखीम आहे, असे सांगणारे इशाऱ्याचे इंग्रजी वाक्य चौदा शब्दांचे आहे आणि ते किमान पाच सेकंद दाखवून ऐकवले तर स्पष्ट मानता येईल, इतक्या बारकाईने नियम लिहिला आहे.

आता माझा प्रश्न. तालुक्याच्या गावी वितरक (फंडाच्या योजना विकणारा मध्यस्थ), बँकेतील कर्मचारी किंवा शेजारचा ओळखीचा माणूस तोंडाने जे सांगतो, त्याला या पाच सेकंदांचा काय उपयोग? माझी सूचना अशी आहे की पहिल्यांदा समभाग योजनेत, म्हणजे शेअर बाजारात गुंतवणाऱ्या योजनेत, पैसे घालणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्या भाषेत, तोंडी आणि लेखी, तोटा टक्क्यांत नव्हे तर रुपयांत सांगणे बंधनकारक व्हावे. उदाहरणार्थ, २००८ या एका वर्षात सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २०,२८६ वरून ९,६४७ वर आला, म्हणजे १ लाखाचे सुमारे ४८ हजार झाले. एवढे एक वाक्य माझ्या वडिलांसारख्या माणसाला संपूर्ण माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाईल. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील; विशेषतः जे या व्यवसायात आहेत त्यांची.

रंकाळाकाठ

मी १९ वर्षे कोल्हापूर जिल्ह्यात म्युच्युअल फंडांचे वितरण करतो आहे, म्हणून आपल्या शेवटच्या वाक्याने मला बोलावलेच आहे असे समजतो. आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तशी प्रमाणपत्रे मी आमच्या भागात अनेक घरांत पाहिली आहेत आणि माझ्या व्यवसायाची सुरुवातीची काही वर्षे तो अविश्वास पुसण्यातच गेली.

तरीही एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. नियमांची दुरुस्ती फक्त जाहिरातीपुरती राहिली, हे खरे नाही. १ ऑगस्ट २००९ पासून प्रवेश भार रद्द झाला. त्यापूर्वी गुंतवणूकदाराच्या रकमेतून आरंभीच सव्वादोन टक्के कापले जात आणि त्यातून आमचे कमिशन निघे. त्यामुळे दर नव्या योजनेला जुन्या योजनेतून पैसे काढून नव्यात घालायला सांगण्याची वाईट सवय अनेकांना लागली होती. जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाशिवाय गुंतवण्याचा थेट पर्याय आला. ऑक्टोबर २०१६ पासून सहामाही विवरणपत्रात वितरकाला प्रत्यक्ष किती पैसे मिळाले ते छापून येऊ लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये आगाऊ कमिशन बंद होऊन गुंतवणूक टिकेल तोवर थोडे थोडे मिळण्याची पद्धत आली. जाहिरातीतला शब्द बदलल्याने जेवढा फरक पडत नाही, तेवढा विक्रेत्याचा हिशेब बदलल्याने पडतो. ग्राहक टिकला तरच माझे उत्पन्न टिकते, हे कळल्यावर माझ्या बोलण्यातला सूर आपोआप बदलला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

आता आपल्या रुपयांच्या वाक्याविषयी. ते वाक्य अर्धे आहे. २००९ च्या अखेरीस सेन्सेक्स १७,४६४ वर होता, म्हणजे त्याच १ लाखाचे ८६ हजार झाले होते, आणि २०१० च्या अखेरीस मूळ १ लाखाच्या किंचित वर. जो ४८ हजारांवर घाबरून बाहेर पडला त्याचे खरे नुकसान झाले. माझ्या १४ ग्राहकांनी त्या वेळी पैसे काढले. त्यांची नावे मला आजही पाठ आहेत, कारण तेव्हा त्यांना थांबवण्याइतका विश्वास मी मिळवलेला नव्हता. तुम्ही फक्त पडझड सांगितलीत तर पहिल्यांदा येणारा माणूस उठून जाईल. आणि तो घरी जाऊन स्वस्थ बसणार नाही, तर भिशीत, जमिनीच्या तुकड्यात किंवा ‘महिना तीन टक्के’ देणाऱ्याकडे जाईल, जिथे कोणतेही वाक्य वाचून दाखवले जात नाही.

कलमदान

रंकाळाकाठ यांनी शेवटी जो मुद्दा काढला आहे, तो कायद्याच्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी वकिली करतो आणि ठेवीदारांची काही प्रकरणे हाताळली आहेत.

धागाकर्त्यांच्या वडिलांनी पैसे दिले तेव्हा अशा वृक्षलागवड योजनांवर लक्ष ठेवणारी यंत्रणाच निश्चित झालेली नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की कृषिरोखे आणि लागवडरोखे काढणाऱ्या योजना सामूहिक गुंतवणूक योजना मानल्या जातील आणि त्या सेबीच्या कक्षेत येतील. त्यानंतर ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांचे स्वतंत्र विनियम आले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने सेबी अधिनियमात कलम ११अअ घातले गेले. त्यात चार कसोट्या आहेत: लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात, ते नफा किंवा उत्पन्नाच्या अपेक्षेने दिलेले असतात, त्यांची व्यवस्था गुंतवणूकदारांच्या वतीने दुसरे कोणी पाहते, आणि दैनंदिन कारभारावर गुंतवणूकदारांचे नियंत्रण नसते. या कलमाची वैधता सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पीजीएफ कंपनीच्या प्रकरणात मान्य केली. २०१४ च्या दुरुस्तीने आणखी एक दार बंद केले: १०० कोटी किंवा त्याहून अधिक रकमेचा नोंदणीबाह्य निधी उभारला तर त्याला आपोआप सामूहिक गुंतवणूक योजना मानण्याची तरतूद झाली.

एवढे होऊनही जमिनीच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल या कंपनीचे प्रकरण घडले. ऑगस्ट २०१४ च्या आदेशात सेबीने म्हटले की त्या कंपनीने सुमारे ५.८५ कोटी लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनी विकून पैसे परत करण्यासाठी न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या राज्यातही तिचे गुंतवणूकदार गावोगावी आहेत. या कंपनीचा पसारा मुख्यतः एजंटांच्या साखळीवर उभा होता. भावकीतला, ओळखीतला, मंडळातला माणूस घरी येऊन पावती फाडत असे. वर्तमानपत्रातील जाहिरातीवर लक्ष ठेवणाऱ्या नियमाने अशा प्रचाराला पकडताच येत नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. सहकारी संस्थांच्या योजना, नियमानुसार चालणाऱ्या चिट फंडांचा व्यवसाय, विमा आणि निधी कंपन्यांच्या ठेवी या ११अअ मधून वगळलेल्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्यात मला एक तरतूद विशेष मोलाची वाटते: अशा योजनेची जाहिरात वर्तमानपत्रात छापली गेली, तर सरकार त्या पत्राला तशाच पद्धतीने आणि त्याच जागी विनामूल्य खुलासा छापण्याचा आदेश देऊ शकते. म्हणजे प्रचाराची जबाबदारी छापणाऱ्यापर्यंत नेली आहे.

अंगणवेल

मला कायद्यातले फारसे कळत नाही, परंतु आमच्या घरी जे घडले ते या धाग्याशी अगदी जोडलेले आहे.

माझे सासरे एसटीत वाहक होते. निवृत्तीनंतर त्यांची मुदत ठेव पुरी झाली आणि ते नूतनीकरणासाठी बँकेत गेले. काउंटरवरून त्यांना आतल्या केबिनमध्ये नेले गेले, चहा दिला गेला आणि सांगण्यात आले की ठेवीपेक्षा अधिक पैसे देणारी योजना आहे, दर महिन्याला लाभांश खात्यावर जमा होईल. हे २०१७ सालचे. घरी आल्यावर त्यांनी आम्हाला सांगितले की ठेवच केली आहे, फक्त व्याजाला आता लाभांश म्हणतात. ते पैसे वर्षभर खरेच दर महिन्याला जमा होत राहिले. पुढे रक्कम घटली, आणि मूळ रकमेचा कागद पाहिला तर तीही कमी झालेली. ते माझ्या पतींना वारंवार एकच म्हणत राहिले, ‘बँकेत घेतलंय रे, बँक कशी बुडवेल?’

त्यांनी सही केलेल्या अर्जावर इशारा होता. इंग्रजीत होता. तो कोणी वाचून दाखवला नाही, आणि वाचला असता तरी ‘बाजारातील जोखीम’ म्हणजे आपलेच पैसे आपल्याला लाभांश म्हणून परत मिळू शकतात, हे त्यातून कळले नसते. त्या बँकेवर राग काढायचा नाही. केबिनमधला मुलगाही पंचविशीचाच होता. पण रंकाळाकाठ यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की कमिशनची रीत बदलली तरी केबिनच्या आत काय बोलले गेले, हे नंतर कोणी सिद्ध करू शकत नाही.

शब्दार्थ

अंगणवेल यांनी ज्या शब्दावर बोट ठेवले आहे त्याच शब्दाची दुरुस्ती सेबीने ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकाने केली. एप्रिल २०२१ पासून ‘डिव्हिडंड’ (लाभांश) पर्यायाचे नाव बदलून ‘उत्पन्न वितरण तथा भांडवल काढून घेणे’ अशा आशयाचे लांबलचक नाव आले. प्रचाराच्या नियमांतील गेल्या दशकातील ही मला सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती वाटते, कारण लाभांश या शब्दातच लाभ आहे, आणि तो शब्द जोवर अर्जावर होता तोवर वितरकाला वेगळे खोटे बोलण्याची गरजच नव्हती. त्याच दिशेने २०१७ मध्ये योजनांच्या वर्गीकरणाच्या वेळी सांगितले गेले, की योजनेच्या नावातून केवळ परताव्याची बाजू दिसता कामा नये.

पण हे सारे इंग्रजीत घडले. प्रत्यक्षात नव्या नावाचे चार अक्षरी इंग्रजी लघुरूप झाले, आणि मराठी ग्राहकाला ‘आयडीसीडब्ल्यू’ या आवाजातून काय कळणार? जुना शब्द चुकीचे तरी सांगत होता. नवा काहीच सांगत नाही. मराठीत ‘तुमच्याच पैशांतून हप्ता’ असे म्हटले असते तर काम झाले असते.

इशाऱ्याच्या वाक्याचेही तेच. ‘म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे’ हे वाक्य मराठी लिपीत असले तरी त्याची रचना मराठी नाही. ‘जोखमीच्या अधीन’ असे आपण कधी बोलतो का? शेतकरी म्हणेल, ‘पावसावर आहे सगळं.’ जोखीम हा शब्द आपल्याकडे मौल्यवान ठेव किंवा सांभाळायची जबाबदारी या अर्थानेही वापरला गेला आहे. जोखमीचे काम म्हणजे विश्वासाने सोपवलेले काम. वयस्क माणसाच्या कानाला तो शब्द धोक्याइतका टोचत नाही.

चित्रांबाबतही आपण असेच चाचपडत आलो. जुलै २०१३ पासून निळा, पिवळा आणि तपकिरी अशा पट्ट्या आल्या. त्यात तपकिरी म्हणजे सर्वाधिक जोखीम. तपकिरी रंगाला धोका मानणारे घर मी महाराष्ट्रात पाहिलेले नाही. जुलै २०१५ मध्ये काटा असलेला जोखीममापक आला, २०२१ पासून त्यात ‘अति उच्च’ ही सहावी पायरी वाढली आणि दर महिन्याला मूल्यांकन सुरू झाले. हिरव्यापासून लालपर्यंतचे रंग मात्र नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकाने आले. म्हणजे धोक्याला लाल म्हणायला अकरा वर्षे लागली.

थेम्सतीर

मी लंडनमध्ये एका वित्तसंस्थेच्या अनुपालन विभागात, म्हणजे संस्था नियम पाळते की नाही हे पाहणाऱ्या विभागात, काम करते. मूळची नाशिकची. येथे प्रचाराच्या नियमांची जी ओढाताण नुकतीच झाली, ती या चर्चेला उपयोगी पडेल असे वाटते.

ब्रिटनमध्ये २००० च्या वित्तीय सेवा कायद्याचे कलम २३८ असे सांगते की नियामकाची मान्यता नसलेल्या सामूहिक गुंतवणूक योजनांचा प्रचार सर्वसामान्य लोकांत करता येत नाही. जानेवारी २०१४ पासून ही बंदी अधिक कडक झाली. मात्र तिला अपवाद आहेत: श्रीमंत व्यक्ती आणि जाणकार गुंतवणूकदार. आपण श्रीमंत किंवा जाणकार आहोत असे त्या व्यक्तीने स्वतःच लिहून द्यायचे असते. वार्षिक उत्पन्न १ लाख पौंड किंवा निव्वळ मालमत्ता अडीच लाख पौंड ही मर्यादा २००१ पासून तशीच होती, आणि महागाईमुळे दरवर्षी अधिकाधिक साधी माणसे कागदावर श्रीमंत होत गेली. ३१ जानेवारी २०२४ रोजी दुरुस्ती आदेशाने ती १ लाख ७० हजार आणि ४ लाख ३० हजार पौंड अशी वाढवली गेली. त्यावर नवउद्योगांना छोटे भांडवल देणाऱ्यांच्या वर्तुळातून एवढा विरोध झाला, विशेषतः स्त्री गुंतवणूकदार आणि लंडनबाहेरचे लोक वगळले जातील असा, की मार्च अखेरीस मर्यादा पुन्हा जुन्या आकड्यांवर आल्या. दोन महिन्यांत नियम पुढे गेला आणि मागे आला.

दुसरी दुरुस्ती मात्र टिकली आणि मला ती अधिक शहाणपणाची वाटते. क्राउडफंडिंग (अनेकांकडून थोडे थोडे भांडवल गोळा करणे) आणि व्यक्तीव्यक्तींमधील कर्जांसारख्या धोक्याच्या गुंतवणुकींसाठी डिसेंबर २०२२ पासून इशाऱ्याचे वाक्य बदलले. ‘सर्व पैसे गमावण्याची तयारी असल्याशिवाय गुंतवू नका’, अशा आशयाने ते सुरू होते. फेब्रुवारी २०२३ पासून पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाला २४ तास थांबवावे लागते. त्यानंतर त्याने पुन्हा हो म्हटले तरच व्यवहार पुढे जातो. अंगणवेल यांच्या सासऱ्यांना केबिनमधून एक रात्र घरी जाता आले असते, तर त्यांनी घरी सांगितले असते.

रंकाळाकाठ यांच्या २०१० च्या आकड्याविषयी एक सावधगिरी सुचवते. बाजार परत वर येतोच असे ग्राहकाच्या मनात बसता कामा नये. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर बंद झाला होता आणि ती पातळी त्याने ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षे हे एखाद्याच्या नोकरीचे संपूर्ण आयुष्य असते.

अधोरेखित

इतके गंभीरपणे लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ लेखनात दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करतो. पहिली, विक्रेत्याच्या मोबदल्यातील बदल मी प्रचाराच्या बाहेरचे मानले. रंकाळाकाठ यांच्यामुळे माझे मत बदलले. दुसरी, मी केवळ पडझडीचे वाक्य सुचवले. तरीही मी मूळ आग्रह सोडत नाही: वाक्य रुपयांत असावे, ग्राहकाच्या भाषेत असावे आणि वाचून दाखवले जावे.

कलमदान यांच्या मुद्द्याचे मला ओझे वाटते आहे. नोंदणीकृत फंडावर आणखी एक बंधन घातले, की बाहेरचा माणूस आणखी मोकळा वाटू लागतो. म्हणून माझ्या मते वाक्याची सुरुवात नोंदणीपासून व्हावी. ‘ही योजना सेबीकडे नोंदलेली आहे, तरीही तोटा होऊ शकतो’ असे ऐकण्याची लोकांना सवय झाली, तर पुढे कोणी वाक्य न वाचता पैसे मागितले तेव्हा त्यांना चुकल्यासारखे वाटेल. ती सवय हेच संरक्षण ठरेल.

मसुदा असा: ‘ही योजना सेबीकडे नोंदलेली आहे, पण परताव्याची हमी कोणीही दिलेली नाही. २००८ साली शेअर बाजारात वर्षभरात १ लाख रुपयांचे सुमारे ४८ हजार झाले होते. ते भरून यायला त्यानंतर दोन वर्षे लागली. पुढच्या वेळी किती लागतील, हे कोणालाही सांगता येत नाही.’

रील पाहणारा

मी २३ वर्षांचा आहे आणि माझ्या मित्रांपैकी एकालाही वितरकाने योजना विकलेली नाही; त्यांनी फोनवर चित्रफिती पाहून स्वतःच घेतल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने नोंदणीकृत संस्थांना नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी आणि परताव्याचे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवण्यास मनाई केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले की केवळ शिक्षण देतो म्हणणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरता कामा नयेत. हे चांगले झाले. परंतु आपला मसुदा वाचून कोण दाखवणार? आमच्या बाबतीत समोर माणूसच नाही, एक बटण आहे.

कलमदान

प्रश्न रास्त आहे. बटणापूर्वी तेच वाक्य ध्वनिरूपात ऐकवता येईल आणि ऐकून होईपर्यंत बटण उमटणार नाही अशी व्यवस्था करता येईल. दूरचित्रवाणीसाठी पाच सेकंद मोजणाऱ्या नियमाला फोनवर वीस सेकंद मोजणे अवघड नाही. मसुद्यात एक जोड सुचवतो: ‘शेअर बाजारात’ ऐवजी ‘सेन्सेक्समध्ये’ म्हणावे, नाहीतर एखादी कंपनी उद्या म्हणेल की आमची योजना तेव्हा कमी घसरली होती.

शब्दार्थ

‘सेन्सेक्समध्ये’ अचूक आहे, मात्र अंगणवेल यांच्या सासऱ्यांसाठी ‘मुंबईच्या शेअर बाजारात’ राहू द्यावे आणि सेन्सेक्स हा शब्द लेखी प्रतीत घ्यावा. ‘परताव्याची हमी कोणीही दिलेली नाही’ हेही कानाला सरकारी वाटते. ‘किती मिळतील याची हमी कोणाचीच नाही’ असे म्हणून पाहा. ग्राहक विचारतो तेव्हा ‘किती मिळतील?’ असेच विचारतो. उत्तर त्याच्याच शब्दांत असावे.

रंकाळाकाठ

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. नियम होईल तेव्हा होईल. शब्दार्थ यांच्या दुरुस्तीसह ते वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापून टेबलावर ठेवले आणि पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला स्वतः वाचून दाखवले. थेम्सतीर यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज त्याच दिवशी न घेता घरी न्यायला सांगितला.

आतापर्यंत असे चौघे झाले. दूध संघातील एका कर्मचाऱ्याने ४८ हजारांचा आकडा दोनदा विचारला आणि एकरकमी ऐवजी महिना १,००० रुपयांनी सुरुवात करतो म्हणाला. एक दांपत्य दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आले, तिने सर्व वाचले आणि त्यांनी ठरवलेली अर्धी रक्कम ठेवीत राहू दिली. तिसरे गृहस्थ रागावले. इतकी भीती घालायची तर विकता कशाला, असे विचारून गेले आणि परत आलेले नाहीत. चौथ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी वाक्य लिहून घेतले, अर्ज पिशवीत ठेवला आणि जाताना विचारले, की त्यांच्या वहिनींना गावात दर महिन्याला पैसे देणारी एक योजना कोणी सुचवली आहे, त्या माणसाकडे असा कागद असतो का?

मी त्यांना सांगितले की त्याच्याकडे तो मागून पाहा. त्या अजून आलेल्या नाहीत. आल्या की येथे लिहीन.